सिन्योर कोसिमोंच्या सहा बाटल्या

मागच्या महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयात एकजण नाशिककडच्या वाइनच्या कारखान्याचं पत्रक घेऊन आला होता. त्यावर एका द्राक्षाचं नाव होतं आणि ते नाव कशावरून पडलं यावर चौघं भांडत होते. मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हटलं, ते लवकर पिकतं म्हणून, आपल्याकडे जसं हळवं भात तसं ते हळवं द्राक्ष. त्याच्या वाइनला रंग कसा येतो, पिंपात किती मुरू द्यायची, हेही सांगून टाकलं. सांगून झाल्यावर लक्षात आलं की सगळे माझ्याकडे बघतायत. पाच वक्त नमाज पढणारा, सौदीत अठ्ठावीस वर्षं काढून आलेला इस्माईल, आणि वाइनवर प्रवचन. एकाने हळूच विचारलं, तिकडे मिळते वाटतं.

मिळत नाही. मी थेंबभरही कधी घेतली नाही. पण दक्षिण इटलीतल्या एका मळ्याची वाइन मला जेवढी ठाऊक आहे तेवढा आमच्या मागच्या दारचा हापूसही नसेल. ते कसं, ते त्या दिवशी सांगायला वेळ नव्हता, म्हणून इथे लिहितो. मळ्याचं नाव देत नाही. मालक हयात आहेत आणि त्यांना मराठी येत नाही, या दोन गोष्टींच्या भरवशावर हे लिहिणं चाललंय.

जेद्दा बंदरात मी मुखल्लिसाच्या ऑफिसात कागदपत्रं बघायचो. मुखल्लिस म्हणजे कस्टममधून माल सोडवणारा. सौदीत गेलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात येणारा ‘खलास’ हा शब्द आणि आमच्या धंद्याचं नाव एकाच मुळातून आलंय, आणि काम संपल्यावर आम्ही तोच शब्द म्हणतो. माझ्या वाट्याला खाण्यापिण्याच्या वस्तू होत्या. बाहेरगावचं लेबल घ्यायचं, त्यातला शब्द न् शब्द तपासायचा, अरबी स्टिकर तयार करायचा आणि कस्टमवाल्याच्या मनात शंका येण्याआधी आपल्या मनात आणायची. लोकांना वाटतं कंटेनर क्रेनने हलतो. कंटेनर शब्दाने हलतो, आणि शब्दानेच अडकतो.

सिन्योर कोसिमोंचा माल पहिल्यांदा अडकला तोही एका शब्दावरून. त्यांचा मळा फार जुना. चारी बाजूंनी किल्ल्यासारखी भिंत, मध्ये दगडी घर आणि कोपऱ्यात समुद्रावर नजर ठेवायला बुरूज. घराखाली खडकात खोदलेलं तळघर, तिथे पूर्वी गाढवं तेलाचा घाणा ओढत, आता तिथे वाइनची पिंपं. द्राक्षाच्या वेलींना मांडव नाही. एकेक वेल आपापल्या बुंध्यावर करवंदाच्या जाळीसारखी बुटकी उभी. एका द्राक्षाचं नाव ‘काळं-कडू’ आणि दुसरं ते हळवं. या दोन द्राक्षांवर त्या घराण्याची कित्येक पिढ्यांची अब्रू उभी. पण सौदीला ते अर्थातच वाइन पाठवत नव्हते. पाठवत होते ऑलिव्हचं तेल आणि सिरका, म्हणजे व्हिनेगर.

आणि सिरक्याच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, वाइनचा सिरका.

मी त्यांना फोन लावला. त्यांची मुलगी रोझान्ना ऑफिस सांभाळायची, तिचं इंग्रजी बरं होतं. मी म्हटलं, ‘द्राक्षाचा सिरका’ असं लिहून नवीन लेबलं पाठवा. मागून वडिलांचा आवाज आला, आणि तो आनंदाचा नव्हता. सिरका वाइनमधूनच होतो, आकाशातून पडत नाही, मी खोटं का लिहू, असा त्यांचा सवाल. मी समजावलं की वाइन आपली आपण आंबून सिरका झाली तर तो आम्हाला चालतो, आमच्याकडे तो आवडीने खातात, फक्त बाटलीवर तो शब्द नको. रोझान्नाने भाषांतर केलं. मग म्हाताऱ्याने स्वतः फोन घेतला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, “म्हणजे वस्तूला माफी आहे, नावाला नाही?”

मी म्हटलं, बरोबर. तो हसायला लागला. माझं त्याच्याशी जमलं ते त्या हसण्यापासून.

दुसऱ्या खेपेला त्यांच्या घराण्याच्या मानचिन्हाने घोळ घातला. त्यात बुरूज, द्राक्षाचा घड आणि एक पेला होता. घड चालतो, पेला नाही. लेबलं बदलायला वेळ नव्हता, म्हणून मी अरबी स्टिकर असा आखला की चरबी, मीठ, साखर यांचं कोष्टक नेमकं पेल्यावर बसावं. गोदामात बसून आम्ही तीन दिवस, रोजे धरून, ते स्टिकर लावले. केरळचे दोघं, बांगलादेशचा एक आणि मी. एक स्टिकर जरी तिरका गेला तरी पेल्याची दांडी डोकावायची. मी फोटो पाठवला तेव्हा सिन्योर कोसिमोंनी कळवलं की माझ्या पणजोबांच्या पेल्यात तुम्ही मीठ आणि चरबी भरलीत, पण भरलीत मात्र सरळ रेषेत.

पुढे आमचं बोलणं मालापुरतं राहिलं नाही. रत्नागिरीकडे आमची आंब्याची कलमं आहेत हे त्यांना कळल्यावर तर नाहीच. जानेवारीत मी म्हणायचो, मोहोर आला पण धुकं पडतंय. मेमध्ये ते म्हणायचे, वेली फुलल्यात पण वारा वाईट आहे. एकदा गारपिटीने त्यांचं काळं-कडू अर्धं झोपलं तेव्हा ते फोनवर बराच वेळ काही बोललेच नाहीत, आणि मीही नाही. रोझान्ना मध्ये भाषांतराला होती, तिला काम नव्हतं. सुगीच्या दिवसांत मात्र थांबायचे नाहीत. कुठल्या उतारावरचा घड आधी काढला, कुठल्या पिंपाला कसला वास आला, कुठल्या वर्षीची वाइन अजून जिभेला टोचते. माझं वाइनचं शिक्षण ते एवढंच. चहा पीत पीत, कानाने झालेलं.

बुरुजाबद्दल त्यांनी एकदा सांगितलं की आमच्या पूर्वजांनी तो तुमच्या धर्माच्या चाच्यांची गलबतं दिसावीत म्हणून बांधला. मी म्हटलं, आमच्या किनाऱ्यावरचे बुरूज तुमच्या धर्माच्या फिरंग्यांसाठी होते. ते म्हणाले, मग आता कागदपत्रं नीट करू, दोघांचीही भीती गेली.

भीती गेली नव्हती. ते मला एका ऑगस्टमध्ये कळलं.

माझं तिथलं ते शेवटून दुसरं वर्ष. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, नूतनीकरणाला गेला होता. मुलगी सानिया जेद्दातल्या इंडियन स्कूलमध्ये बारावीला होती, परीक्षेपर्यंत तिला तिथेच ठेवायचं होतं. एका संध्याकाळी रोझान्नाची मेल आली. नेहमीचा कंटेनर निघाला, तेल आणि सिरका. खाली दोन ओळी जास्त होत्या. पप्पांनी तुमच्यासाठी एक लाकडी खोका आत ठेवलाय, त्यांच्या स्वतःच्या विनकोत्तोच्या सहा बाटल्या. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते, पण कागदपत्रं तुमच्या हातात असतात म्हणून सांगते. शेवटी हसरा चेहरा.

मी ती मेल तीनदा वाचली. ‘विन’ म्हणजे काय ते मला माहीत होतं, आयुष्यभर तोच शब्द झाकत आलो होतो. ‘कोत्तो’ म्हणजे शिजवलेलं. तो शब्द मला एकाच ठिकाणी भेटलेला, एका हॉटेलने चुकून मागवलेल्या डुकराच्या मांसाच्या पाकिटावर. माझ्यासारख्याने तो जोडशब्द वाचावा म्हणजे दोन हराम वस्तू हातात हात घालून दारात उभ्या असाव्यात तसं झालं. मी फोनवर शोधलं. पहिलंच पान म्हणालं, शिजवलेली वाइन, पिंपात मुरवतात, पुढे अल्कोहोलचं प्रमाण. मी फोन पालथा ठेवला. लेबलावरची शेवटची ओळ वाचल्याशिवाय सही न करणारा माणूस मी, आणि दुसऱ्या पानावर गेलो नाही.

इटलीला फोन लावला. पण ऑगस्टच्या मध्याला तो देश कुलूप लावून समुद्रावर जातो. रोझान्नाच्या मेलवरून आपोआप उत्तर आलं की मी सुट्टीवर आहे. घरचा फोन नुसता वाजत राहिला. म्हातारा मोबाइल वापरत नाही. आणि तोवर जहाज सुएझ ओलांडून अलीकडे आलं होतं.

ज्यांना सौदीची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंटेनरमध्ये दारू सापडली आणि खोक्यावर तुमचं नाव असलं, तर ‘मला ठाऊक नव्हतं’ हे सिद्ध होईपर्यंत तुम्ही आत असता. मग इकामा रद्द, आणि तुमच्या इकाम्यावर असलेली बायकामुलंही परत. सानियाची बारावी तिथेच संपली असती.

बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिने हात थांबवले.

“खरा सांगा,” ती म्हणाली, “तुमी त्याच्याकडे मागितला होता काय?”

इतक्या वर्षांच्या संसारानंतर हा प्रश्न. मी रागावलो, आणि रागावता रागावता लक्षात आलं की जी बाई मला ओळखते तीच हे विचारते, तर कस्टमवाला काय विचारेल.

गप्प बसायचाही एक मार्ग होता. बाटल्यांच्या कंटेनरमध्ये आणखी सहा बाटल्या. स्कॅनरला काय कळणार, आणि प्रत्येक कंटेनर काही उघडत नाहीत. एक अख्खा दिवस मी त्या विचारात घालवला. जेवलो नाही, दोन स्टिकर उलटे छापून घेतले. दुसऱ्या दिवशी उठून कफीलकडे गेलो. आमचे कफील, म्हणजे माझ्या इकाम्याचे हमीदार, अबू सालेह, ऑफिसचे मालक, वयाने माझ्याएवढेच, बोलायला तुसडे पण माणूस सरळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बायकोचाच प्रश्न अरबीत विचारला. मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कॉफी ओतली आणि म्हणाले, मग त्यांनी शोधायच्या आधी आपण सांगायचं, लिही.

मी लिहिलं. कस्टमला अर्ज, की पुरवठादाराने आमच्या नकळत खोका ठेवलाय, तो बाजूला काढून समितीसमोर नष्ट करावा आणि बाकीचा माल सोडावा. माझ्या कारकिर्दीतलं सर्वांत उत्तम अरबी त्या पत्रात असेल. खोक्यात काय आहे ते लिहायच्या जागी मी थांबलो. ‘आत काय आहे ते ठाऊक नाही’ असं लिहिता आलं असतं. पण ‘ठाऊक नाही’ हे कस्टमला कधी आवडत नाही, त्यातून दहा प्रश्न निघतात. मी ‘खम्र’ लिहिलं. दारू. एक शब्द, त्यात शंकेला जागा नाही. अबू सालेहांनी शिक्का मारला.

जहाज लागल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला तपासणीच्या शेडमागे बोलावलं. समितीत तिघं होते. त्यांचा प्रमुख बुरैद्याचा, अबू नासिर. बुरैदा म्हणजे खजुराचं गाव, आणि हा माणूसही तसाच संथ, गोड बोलणारा. खोका निघाला तो जुना वाइनचा, फळीवर बुरूज, घड आणि पेला डागलेला. इथे त्यावर स्टिकर नव्हता. त्याखाली खडूने माझं नाव. सिन्योर इस्माएले.

ओतायला एक रिकामं पिंप पुढे ओढलं. एकाने पहिल्या बाटलीचं बूच काढून ती उलटी केली. काही पडलं नाही. त्याने हलवली. मग तोंडाशी एक जाड, काळी तार आली आणि सावकाश खाली उतरायला लागली, काकवी उतरते तशी.

अबू नासिरने बाटली हातात घेतली, वास घेतला, बोटावर थेंब घेऊन तो दुसऱ्या बोटाने ताणला. मग माझ्याकडे वळला.

“हे दिब्स आहे,” तो म्हणाला. “माझी आई खजुराचं करते, हे द्राक्षाचं आहे. याला खम्र कोणी म्हटलं?”

पत्र त्याच्याच हातातल्या फाइलमध्ये होतं. त्याने ते उघडलं, वाचलं, सहीपाशी आला आणि परत माझ्याकडे बघितलं. दिब्स म्हणजे रस आटवून केलेला पाक. त्यात नशा नसते. लहान मुलं पावाला लावून खातात.

त्याने मला बाजूला घेऊन नीट सांगितलं. त्याच्यापुढे आदेश होता दारू नष्ट करण्याचा. मी आत्ता म्हटलं की पत्रातली गोष्ट खरी नव्हती, तर तो बाटल्या प्रयोगशाळेत पाठवेल. पण मग अख्खा कंटेनर थांबेल, पत्र वर जाईल, आणि ज्याने न बघता दारू आहे म्हणून सही केली त्याला विचारतील की तुला कशावरून वाटलं, तुझं आणि त्या इटलीवाल्याचं काय चाललंय. “तू सांग,” तो म्हणाला. “तूच लिहिलंयस.”

मला वाटतं तो अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबला नसेल. मी कंटेनरकडे बघितलं, नूतनीकरणाला गेलेला इकामा आठवला, सानियाचं वेळापत्रक आठवलं. म्हटलं, ओता.

दारू असती तर दोन मिनिटांत काम झालं असतं. तो पाक ओतायला पाऊण तास लागला. एकेक बाटली उलटी धरून उभं राहायचं. दोन बाटल्या मी धरल्या, कारण त्या लोकांचे हात भरून आले. उन्हात तो पातळ व्हायला लागला तशा कुठूनतरी मधमाश्या आल्या, बंदरात, जिथे मैलभर झाड नाही. एक थेंब माझ्या मनगटावर पडला. चाटावासा वाटला. समितीतले दोघं बघत होते, मी टिश्यूने पुसला. अबू नासिर पूर्ण वेळ पाठ करून उभा होता. एकदाही यल्ला, आटपा, म्हणाला नाही.

कागदावर सही झाली, कंटेनर सुटला. सवयीने मी खलास म्हटलं.

घरी आल्यावर सानियाने माझ्या फोनवर तोच शब्द पुन्हा शोधला आणि खाली सरकवत नेला. “अब्बा, यू डिडन्ट स्क्रोल डाउन,” ती म्हणाली. इटलीत दोन जिल्ह्यांत एकाच नावाच्या दोन वस्तू आहेत. एकीकडे ती मुरवलेली वाइन, आणि सिन्योर कोसिमोंच्या भागात ताज्या द्राक्षांचा रस, आंबायच्या आधीच चुलीवर चढवून दिवसभर आटवलेला. मुलीला वाटलं, एवढं काय त्यात, इकामा वाचला ना. वाचला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुन्हा तो प्रसंग आला तर मी पुन्हा ओता म्हणेन, आणि पुन्हा तितकीच लाज वाटेल.

सप्टेंबरच्या सुरुवातीला फोन आला. म्हातारा स्वतः होता, रोझान्ना मागून मदतीला. मिळाला का खोका? मी म्हटलं, मिळाला. ते भरभर इटालियनमध्ये बोलायला लागले आणि मुलगी मागोमाग सांगत राहिली. वीस वर्षं मी या माणसाला माझ्या द्राक्षांच्या गोष्टी सांगतोय आणि त्याला त्यातलं काहीच देता येत नाही, याची पप्पांना टोचणी होती. म्हणून गेल्या सुगीत त्यांनी सर्वांत जुन्या वेलींचे घड तळघरात जाऊ दिले नाहीत. नशा चढायच्या आत रस चुलीवर जावा म्हणून पहाटे तोडले आणि दिवसभर स्वतः उभं राहून ढवळलं, कोणाला हात लावू दिला नाही. पाठ आठ दिवस धरली होती.

मग ते थांबले आणि थेट मला विचारलं, “आवडलं?”

सगळं सांगायचं ठरवूनच मी फोन उचलला होता. तोंडून आलं, “खूप.”

“कशाबरोबर खाल्लंत?”

स्वयंपाकघरात बायको तव्यावर घावन घालत होती. मी म्हटलं, घावनाबरोबर. ते काय असतं, हे त्यांना हवंच होतं. मग मी तांदूळ भिजवण्यापासून सांगायला लागलो, पीठ ताकासारखं पातळ हवं, तवा कडकडीत हवा, पसरायचं नाही, ओतायचं, म्हणजे जाळी पडते. पलीकडे रोझान्ना लिहून घेत होती. म्हातारा मध्येमध्ये हुंकार देत होता, सुगीच्या गोष्टी ऐकताना मी देत असे तसा.

आता मी गावी असतो, ते नव्वदीला टेकलेत. फोन होत नाही, त्यांना ऐकू येत नाही. पण रोझान्ना लिहिते. त्या घरी आता पाहुणा आला की विनकोत्तो इंडियन पद्धतीने वाढतात, घावनाबरोबर. पप्पा सगळ्यांना सांगतात की हे आपल्याला सिन्योर इस्माएलेने शिकवलं, त्याच्याकडे असंच खातात. परवा तिने फोटो पाठवला. दगडी घराच्या अंगणात लांब टेबल, वीसेक माणसं आणि प्रत्येकाच्या ताटलीत पांढऱ्या घावनावर तो काळा पाक. घावनं जरा जाड झाली होती. पीठ आणखी पातळ करा, असं मी त्यांना कळवलंय.